घरच्या घरी शीट फिल्म धुणं : ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

पाचपाखाडीतल्या एका जुन्या इमारतीत, पाच फूट बाय चार फुटांच्या बाथरूममध्ये मी गेली अकरा वर्षं शीट फिल्म धुतोय, म्हणजे डेव्हलप करतोय. टाकी, ट्यूब, ट्रे, सगळं हार्डवेअरच्या आणि भांड्यांच्या दुकानातून जमवलेलं. घोडबंदर रोड, कळवा, कोपरखैरणे, नेरुळ अशा ठिकाणांहून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो. उपकरणं घरी बनवणं यातला सोपा भाग आहे. आपल्याकडे फिल्म बिघडते ती गरम पाण्यामुळे, त्यामुळे घाईत असाल तर आधी प्रश्न १० वाचा.

१. शीट फिल्म म्हणजे काय? रोल धुण्यापेक्षा यात वेगळं काय?

जुने स्टुडिओवाले जिला 'कट फिल्म' म्हणायचे तीच ही. एक फोटो, एक सुटा तुकडा. सर्वांत जास्त वापरात ४ × ५ इंच, त्याच्या वर ५ × ७ आणि ८ × १०. रसायनं, वेळ, तापमान सगळं रोलसारखंच. फरक दोन आहेत. रोल रिळावर गुंडाळला की त्याचे वेढे एकमेकांना लागत नाहीत. शीट सुट्या असल्याने त्या एकमेकींना खरवडू नयेत याची काळजी आपल्याला घ्यावी लागते. दुसरा फरक फायद्याचा : प्रत्येक शीट वेगळ्या वेळेसाठी धुता येते (प्रश्न १९).

२. सुरुवातीला कमीत कमी काय काय लागेल?

तीन प्लॅस्टिकचे ट्रे किंवा दोन-तीन पाइपच्या ट्यूब, अर्धा अंश दाखवणारा थर्मामीटर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, मोजपात्र, गडद बाटल्या, हातमोजे, टायमर, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि एक मोठं घमेलं. जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत यातलं बहुतेक मिळतं. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ अंशांपासून सुरू होतो. ॲल्युमिनियमची भांडी घेऊ नका, डेव्हलपरमधला (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणातला) क्षार त्यांना खातो. चांगलं स्टेनलेस स्टील चालतं. आणि एकदा रसायनात गेलेलं भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, कितीही घासलं तरी.

३. फ्लॅटमध्ये पूर्ण अंधार कसा करायचा?

रात्री काम करा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीवर आतून जाड काळा कार्डपेपर लावा आणि कडांना काळी टेप. एक्झॉस्ट फॅनचं भोक विसरू नका. दाराच्या फटीला गुंडाळलेला टॉवेल, बाहेरच्या पॅसेजचा दिवा बंद. मग आत दहा मिनिटं बसून राहा. डोळे सरावले की कुठून उजेड येतो ते दिसू लागतं. दहा मिनिटांनंतरही पांढरा कागद दिसला नाही तर जागा तयार आहे.

माझ्या पहिल्या आठ शीटच्या एका कडेला धुरकट काळा पट्टा आला होता. होल्डर (शीट भरून कॅमेऱ्यात बसवायच्या चौकटी) तपासले, कॅमेरा तपासला, बेलोज म्हणजे कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता टॉर्च लावून पाहिला. कारण निघालं गिझरचं लाल इंडिकेटर. तो इतका रोजचा झाला होता की डोळ्यांना दिसतच नव्हता. तेव्हापासून गिझर, वॉशिंग मशीन आणि मोबाईल हे तिन्ही यादीत लिहून भिंतीवर लावलंय. रेडियमचे काटे असलेलं किंवा हात हलवला की उजळणारं घड्याळही काढून ठेवा.

जागाच नसेल तर चेंजिंग बॅगमध्ये (हात घालायला बाह्या असलेल्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) फिल्म भरून ती झाकणाच्या ट्यूबमध्ये घालता येते. पण आपल्या दमट हवेत बॅगेत हाताला पाच मिनिटांत घाम सुटतो आणि घामाचा ठसा फिल्मवर उमटतो. बॅग वापरायचीच तर पंख्याखाली बसा आणि एका वेळी दोनच शीट हाताळा.

४. अंधारात फिल्मची कुठली बाजू कुठली ते कसं ओळखायचं?

कडेला कापलेल्या खाचांवरून. शीट उभी धरा, खाचा वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या जिलेटिनच्या थराची, बाजू तुमच्याकडे आहे. खाचांचा आकार प्रत्येक फिल्मचा वेगळा असतो, त्यामुळे दोन प्रकारच्या फिल्म मिसळल्या तरी बोटाने ओळखता येतात. होल्डरच्या डार्कस्लाइडचा (फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीचा) रिवाज असा : पांढरी बाजू बाहेर म्हणजे आतली फिल्म न वापरलेली, काळी बाजू बाहेर म्हणजे फोटो काढून झालेला. एक खराब शीट घेऊन हे सगळं आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात करून पाहा.

५. ट्रे, पाइप की रोलची टाकी? काय घेऊ?

एक-दोन शीट आणि नेमकेपणा हवा तर पाइप. एका वेळी चार-सहा शीट धुवायच्या तर ट्रे. रोलची तीन रिळांची टाकी आधीच घरी असेल तर शीटला पुरीसारखी दुमडून, इमल्शन आत ठेवून, केसांच्या रबरने मधोमध सैल बांधून चार शीट उभ्या ठेवता येतात. मात्र टाकीचा मधला दांडा काढायचा नाही, उजेड अडवणारी रचना त्याच्यावरच अवलंबून असते. शीट पूर्ण बुडतात का ते आधी साधं पाणी आणि खराब शीट घेऊन बघा. मी स्वतः नवशिक्याला पाइपच सुचवतो.

६. पाइपची ट्यूब नेमकी कशी बनवायची? माप सांगा.

४ × ५ ची शीट प्रत्यक्षात साधारण १०० × १२५ मिलिमीटरची असते. ती लांबीच्या दिशेने पाइपात जाते आणि १०० मिमीची बाजू आतल्या भिंतीला गोल बसते. म्हणजे आतला घेर १०० पेक्षा थोडा जास्त हवा. शेतीच्या पाण्यासाठी मिळणारा ४० मिमीचा करडा पीव्हीसी पाइप घ्या. त्याचा आतला व्यास सुमारे ३६ मिमी, म्हणजे घेर ११३ मिमी. दोन कडांमध्ये बोटाएवढी फट राहते आणि शीट स्वतःवर चढत नाही. जाड भिंतीचा जास्त दाबाचा पाइप घेऊ नका, कमी दाबाचा पातळ घ्या. दुकानातच पट्टी लावून बघा : आतला व्यास ३४ च्या खाली नको.

१५ सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या. कापलेली कड पॉलिश पेपरने आतून-बाहेरून घासा, बोट फिरवलं की कुठेही अडकता कामा नये. एका टोकाला एंड कॅप सोल्युशनने कायमची चिकटवा. दुसऱ्या टोकाची कॅप नुसती दाबून बसवायची, गळत असेल तर पाइपाला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या. करडा पाइपही कधी कधी उजेड सोडतो. अंधारात आत मोबाईलचा टॉर्च ठेवून बघा, भिंत उजळली तर बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळा.

आता महत्त्वाची गोष्ट. शीटची पाठ पाइपला चिकटते आणि तिथे द्रावण पोहोचत नाही, मग पाठीवरचा रंगीत थर तसाच राहतो (प्रश्न १८). मी आत मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा ९० मिमी रुंद तुकडा गोल करून घालतो. जाळी फक्त पाठीला लागते, इमल्शन आतल्या बाजूला मोकळं असतं.

अशा ट्यूबमध्ये सुमारे १५० मिली मावतं. मी १२० मिली घालतो, म्हणजे हवेचा बुडबुडा राहतो आणि ट्यूब आडवी गोल फिरवली की द्रावण हलतं. घमेल्यात पाणी घेऊन त्यावर ट्यूब तरंगती ठेवायची आणि दोन्ही हातांनी सतत फिरवायची, मधूनमधून टोकं उलटी करायची. डेव्हलपर बाहेर ओतून स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्ल द्रावण) भरताना कॅप उघडते, तेव्हा दिवा बंद हवा. फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, दोन मिनिटं झाली की दिवा लावा.

७. ट्रेमध्ये धुतो तेव्हा ओरखडे येतातच. काय चुकतंय?

बहुतेकदा शीटचा कोपरा खालच्या शीटच्या इमल्शनमध्ये घुसतो. नखं कापा, अंगठी-बांगड्या काढा. ट्रे शीटपेक्षा बराच मोठा घ्या, ४ × ५ साठी ८ × १० चा. आधी साध्या पाण्यात तीन मिनिटं भिजवा आणि त्या पाण्यात शीट एकेक करून, मध्ये वीस-तीस सेकंद जाऊ देऊन सोडा. कोरड्या शीट एकदम टाकल्या तर चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

नंतर डेव्हलपरमध्ये तळाची शीट आडवी सरकवून बाहेर काढायची, वर सपाट ठेवायची, बोटांच्या मांसल भागाने हलकेच बुडवायची. अर्ध्या मिनिटात गड्डी एकदा पूर्ण फिरली पाहिजे. पहिली शीट इतरांपेक्षा उलट्या दिशेला ठेवा. तिची खाच हाताला लागली की एक फेरी झाली हे अंधारात कळतं. आधी दोन शीटवर हात बसवा.

तरीही जमत नसेल तर नेमप्लेट बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकच्या पट्ट्या कापून घ्या आणि ट्रेमध्ये बसेल अशी चार खणांची, तळाला भोकं असलेली चौकट बनवा. प्रत्येक शीट आपापल्या खणात राहते, चौकट उचलायची आणि सोडायची. ठाण्यात ॲक्रिलिक कापून देणारे ढीगभर आहेत.

८. डेव्हलपर विकत घेऊ की घरी बनवू?

तयार पावडर मिळाली तर जरूर घ्या. मिळणं मात्र बेभरवशाचं असतं, म्हणून मी बनवतो. कोडॅकने १९२७ मध्ये आणलेला डी-७६ आजही मापदंड मानला जातो. एका लिटरला : मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार म्हणजे बोरॅक्स २ ग्रॅम. सुमारे ५० अंशांच्या ७५० मिली डिस्टिल्ड पाण्यात याच क्रमाने विरघळवायचं आणि शेवटी लिटर पूर्ण करायचं. एकच खुबी : चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सल्फाइट सगळं आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही आणि मेटॉल अगदी एकटंच घातलं तर ते हवेने तपकिरी पडू लागतं.

याहून सोपा डी-२३ : मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम, संपलं. दोनच डबे सांभाळायचे. तो कॉन्ट्रास्ट थोडा मवाळ ठेवतो आणि आपल्या मार्च ते मेच्या टळटळीत उन्हाला तो गुण फार उपयोगी पडतो. मी वर्षातला बराच काळ हाच वापरतो. डी-७६ च्या वेळेपासून सुरुवात करा, निगेटिव्ह पातळ वाटली तर एक दशांश वाढवा.

९. ही केमिकल्स कुठे मिळतील? दुकानदार भलतंच देतो.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या रसायनांची दुकानं आहेत. कॅमेऱ्याचं सामान फोर्टातल्या बोरा बाजारात. फिक्सरला लागणारा हायपो (सोडियम थायोसल्फेट) मासे विकणाऱ्यांकडेही खड्यांच्या रूपात मिळतो, टाकीच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला तो वापरतात.

नाव बोलून सांगू नका, कागदावर लिहून न्या. सोडियम सल्फाइट, सोडियम सल्फेट आणि सोडियम सल्फाइड ही तीन अगदी वेगळी रसायनं आहेत आणि काउंटरवर तिन्ही सारखीच ऐकू येतात. सल्फेटने डेव्हलपर काम करत नाही. सल्फाइडला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि ते फिल्मजवळही नको. दुसरी गफलत टाकणखार आणि कॅरमच्या पावडरची. कॅरमची पावडर बोरिक ॲसिड असते, ती आम्ल आहे. डेव्हलपरला क्षार हवा. तिसरी सोड्याची, ती प्रश्न १५ मध्ये.

१०. पुस्तकात २० अंश लिहिलंय. आमच्या नळाला मे महिन्यात ३२ अंशांचं पाणी येतं. काय करू?

२० च्या मागे लागू नका. २४ धरा आणि वर्षभर २४ वरच काम करा.

कारण असं. २० अंश हा थंड देशांच्या नळाचा सोयीचा आकडा आहे. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी माझ्याकडे मे महिन्यात दुपारी ३३ असतं, पहाटे पाचला २८, जानेवारीच्या पहाटे २३. उन्हाळ्यात २० गाठलं तरी बाजूची हवा ३२ ची असते, दहा मिनिटांत द्रावण दोन अंश चढतं आणि निगेटिव्ह कधी दाट, कधी पातळ येते. २४ गाठायला कमी बर्फ लागतो आणि ते टिकतंही. थंडीत तर नळाचं पाणीच तेवढं असतं. वेळ कमी करावा लागतो, प्रश्न ११ मध्ये सांगितलाय.

माझी पद्धत अशी आहे. आदल्या रात्री पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये. संध्याकाळी घमेल्यात पाणी, त्यात डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि एक लिटर धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत उभ्या. मध्ये एक गोठलेली बाटली. थर्मामीटर डेव्हलपरच्या बाटलीत. २३ झाले की बर्फाची बाटली काढायची आणि कामाला लागायचं. बर्फाचे खडे डेव्हलपरमध्ये कधीही टाकू नका, तो पातळ होतो आणि माप बिघडतं.

बाकीची द्रावणंही त्याच घमेल्यात ठेवण्याला कारण आहे. ओलं इमल्शन फुगलेलं आणि मऊ असतं. २४ च्या डेव्हलपरमधून ते एकदम ३२ च्या पाण्यात गेलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात, कडा सुटू शकतात. म्हणून चढ पायरीपायरीने : डेव्हलपर आणि स्टॉप २४, फिक्सर २५, पहिलं पाणी २६, मग २८, शेवटी नळ. माठातलं पाणी या मधल्या पायरीला फार छान, एप्रिल-मेमध्ये ते नळापेक्षा बरंच गार असतं. जून उजाडला, हवा दमट झाली की माठ गार करत नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका.

ज्यांच्याकडे फ्रीझरमध्ये जागा नाही त्यांनी मे महिना फिल्म काढण्यात घालवावा आणि धुण्याचं काम पहाटे पाचला करावं. फोटो काढलेल्या शीट काळ्या पिशवीत फ्रिजमध्ये काही आठवडे सहज राहतात.

११. वेळ कसा ठरवायचा?

फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यावरून. उदाहरणार्थ इलफर्डची एफपी-४ प्लस, डी-७६ एकास एक पाणी मिसळून, २० अंशांना ११ मिनिटं. २४ अंशांना वेळ साधारण सात दशांश होतो, म्हणजे एफपी-४ ला पावणेआठ मिनिटं. ट्यूब सतत फिरवत असाल तर त्यातून आणखी एक दशांश कमी करा, कारण हालचाल जास्त असते.

पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येऊ देऊ नका. ओतण्या-काढण्यातली दहा-पंधरा सेकंदंही मग मोठी ठरतात आणि आकाशात पट्टे येतात. म्हणूनच आपल्या हवेत डेव्हलपर एकास एक पातळ करूनच वापरावा असं माझं ठाम मत आहे.

१२. स्टॉप बाथ लागतोच का? व्हिनेगर चालेल?

चालतं. ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग. किंवा लिटरला १५ ग्रॅम लिंबूसत्त्व, वासही येत नाही. अर्धा मिनिट पुरे. ट्यूबमध्ये नुसत्या पाण्याच्या दोन खळखळाटांवरही भागतं, पण फिक्सर मग लवकर थकतो.

१३. फिक्सर कसा बनवायचा आणि किती वेळ? तुरटी टाकतात म्हणे, ते का?

साधा फिक्सर : लिटरला हायपोचे खडे २४० ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट १५ ग्रॅम. हायपो विरघळताना पाणी थंडगार होतं, त्यामुळे सुरुवात कोमट पाण्याने करा. वेळ ठरवायला फिल्मचा तुकडा उजेडात फिक्सरमध्ये टाका. दुधाळपणा जाऊन तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट, हा नियम. ताज्या फिक्सरच्या तुलनेत पारदर्शक व्हायला दुप्पट वेळ लागू लागला की फिक्सर बाद.

तुरटीने जिलेटिन टणक होतं. गरम प्रदेशातल्या जुन्या स्टुडिओंचा हा नेमच होता. पण नुसती तुरटी साध्या हायपोत ढवळली तर पांढरा गाळ बसतो. तिला आम्ल लागतं. कोडॅकचा एफ-५ असा : ६०० मिली कोमट पाण्यात हायपो २४० ग्रॅम, सल्फाइट १५ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १३ मिली आधी थोड्या पाण्यात मिसळून, बोरिक ॲसिड ७.५ ग्रॅम, तुरटी १५ ग्रॅम, आणि लिटर पूर्ण. क्रम मोडू नका. सल्फाइटच्या आधी आम्ल गेलं तर हायपोतून गंधक सुटतं आणि सगळं ढगाळ होतं. आजच्या फिल्म बऱ्याच टणक असतात, त्यामुळे २४ ची शिस्त पाळणाऱ्याला याची गरज पडत नाही. एक्स-रे फिल्मला मात्र मी तुरटीचाच फिक्सर देतो.

१४. टँकरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात. धुणं आणि वाळवणं नीट कसं करू?

घोडबंदर पट्ट्यातून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर डेव्हलपर आणि शेवटचं पाणी, ही दोन कामं डिस्टिल्ड पाण्याने करा. बॅटरीच्या दुकानात ते कॅनने मिळतं. मधल्या धुण्याला नळ चालतो. सतत नळ सोडायची गरज नाही : ट्यूबमध्ये पाणी भरून पाच वेळा उलटवा, ओता, नवं पाणी, दहा वेळा, नवं पाणी, वीस वेळा. इलफर्डची ही पद्धत टणक न करणाऱ्या फिक्सरसाठी आहे. तुरटी वापरली असेल तर पाणी बदलत अर्धा तास धुवा. पाणीकपातीच्या दिवशी आधी बादल्या भरा, मगच दिवा बंद करा.

शेवटी लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रावणाचे) काही थेंब, तो नसेल तर बिनवासाच्या भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब. फेस आला तर जास्त झाला. शीट एका कोपऱ्यातून चिमट्याला तिरकी लटकवा, पाणी खालच्या कोपऱ्यातून निथळतं. पुसू नका.

वाळवायला बाथरूमच चांगलं. आधी गरम पाण्याचा शॉवर दोन मिनिटं सोडा, वाफेने धूळ खाली बसते. जानेवारीत दोन तास, जुलैमध्ये अख्खी रात्र. पावसाळ्यात वाळल्यासारखी वाटणारी शीट लगेच पाकिटात घालू नका, पंख्याच्या थेट झोतातही नको. पूर्ण वाळली की सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडे जिलेटिनवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

१५. कॉफीने फिल्म धुता येते हे खरं का?

खरं. लिटरला धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. २० अंशांना १५ मिनिटं, २४ ला साडेदहा. कॉफी चिकोरी नसलेली घ्या, आपल्याकडच्या अनेक डब्यांत ती मिसळलेली असते. खाण्याचा सोडा चालत नाही. ५४ ग्रॅम हे कोरड्या पावडरचं माप आहे. सोडा ओलसर पारदर्शक खड्यांचा असेल तर २.७ पट, म्हणजे सुमारे १४६ ग्रॅम घ्या. याच एका चुकीमुळे बहुतेकांच्या निगेटिव्ह पातळ येतात. वास उग्र असतो, घरच्यांना सांगून करा. फिक्सर नेहमीचाच लागतो.

१६. एक्स-रे फिल्म स्वस्त पडते. वापरू का?

सरावासाठी उत्तम, मी शिकलो त्यावरच. एके काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म दवाखान्यांत असायची. आता बहुतेक ठिकाणी डिजिटल आल्याने ओल्या धुलाईची फिल्म शोधावी लागते. घेताना विचारा : लेझर प्रिंटरची किंवा उष्णतेवर छापणारी नको, कॅसेटमध्ये घालून डेव्हलपरमध्ये धुवायची हवी.

हिरव्या उजेडाला संवेदनशील प्रकार घ्या. तिला लाल दिसत नाही, त्यामुळे लाल दिव्यात कापता आणि धुता येते. ओठ आणि विटा गडद येतात, आकाश पांढरं. ८ × १० च्या शीटमधून चार तुकडे होतात, पण १०० × १२५ मिमी मोजून कापा, नेमके अर्धे केले तर होल्डरमध्ये शिरत नाहीत. फिल्मचा वेग (आयएसओ) ५० धरून सुरुवात करा.

इमल्शन दोन्ही बाजूंना असतं आणि ते विलक्षण नाजूक असतं. जाळीची ट्यूब इथे चालत नाही. सपाट काचेच्या बेकिंग डिशमध्ये एका वेळी एकच शीट, डिश हलकेच उचलून हलवायची, शीटला हात लावायचाच नाही.

१७. लाल झिरोचा बल्ब लावला तर चालेल?

नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मला (एफपी-४, एचपी-५, ट्राय-एक्स) कुठलाही दिवा चालत नाही. ऑर्थो (लाल न दिसणारी फिल्म) आणि एक्स-रेला लाल चालतो, पण रंग दिलेल्या बल्बमधून पांढरा उजेडही झिरपतो. तपासा : फिल्मच्या तुकड्यावर एक नाणं ठेवून दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या, मग धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा बाद.

१८. फिल्म कोरी आली / पूर्ण काळी आली / गुलाबी झाक राहिली. नेमकं काय झालं?

शीटची कड बघा, होल्डरच्या पट्टीखाली झाकलेली ती दोन-तीन मिलिमीटरची चौकट. मधला भाग काळवंडला आणि कड स्वच्छ असेल तर उजेड कॅमेऱ्यात किंवा डार्कस्लाइडमधून शिरलाय. कडही काळी असेल तर भरताना, काढताना किंवा बाथरूममध्ये, म्हणजे प्रश्न ३ कडे परत जा. पूर्ण पारदर्शक असेल तर शटर उघडलंच नाही, डार्कस्लाइड काढली नाही किंवा डेव्हलपरच्या आधी फिक्सर गेला. बाटल्यांना अंधारात ओळखू येतील अशी रबरबँड लावा : डेव्हलपरला एक, स्टॉपला दोन, फिक्सरला तीन.

निगेटिव्हवर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके म्हणजे फोटो काढताना असलेली धूळ किंवा धुताना चिकटलेला हवेचा बुडबुडा. बुडबुड्याचा ठिपका नेमका गोल असतो.

गुलाबी किंवा निळसर झाक हा पाठीवरचा थर. घाबरू नका, उजेडात शीट ट्रेमध्ये घेऊन पाणी बदलत धुवा. न गेल्यास ताज्या फिक्सरमध्ये दोन मिनिटं आणि परत पाणी. दुधाळ झाक असेल तर फिक्सिंग अपुरं आहे, तेही परत करता येतं.

१९. एकाच दिवशीच्या दोन शीट वेगवेगळ्या वेळेला का धुवायच्या?

शीट फिल्मचा खरा आनंद इथे आहे. तलावपाळीला एप्रिलच्या दुपारी झाडाच्या सावलीतली नाव आणि पलीकडचं भाजणारं ऊन एकाच फ्रेममध्ये घ्या. सावलीत तपशील हवा म्हणून फोटो काढताना अर्धा स्टॉप (इथे स्टॉप म्हणजे एक्स्पोजरचं माप) जास्त उजेड द्या आणि धुण्याचा वेळ पाचव्या हिश्शाने कमी करा. सावल्या लवकर बनतात आणि थांबतात, उजळ भाग वेळेबरोबर दाट होत जातो. वेळ कमी केला की तो आटोक्यात राहतो. उलट येऊरला ऑगस्टच्या धुक्यात सगळंच करडं असतं, तिथे वेळ पाव हिश्शाने वाढवा, झाडाची साल वेगळी उठून येते. रोलमध्ये हे जमत नाही, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम एकाच वेळेत धुतल्या जातात. होल्डरवर कागदी टेप लावून तिथेच लिहून ठेवा : 'ऊन, कमी' किंवा 'धुकं, जास्त'.

२०. केमिकल किती दिवस टिकतं? किती शीट निघतात?

४ × ५ च्या चार शीट म्हणजे छत्तीसच्या एका रोलएवढं क्षेत्रफळ. मी एका शीटला ६० मिली मूळ डेव्हलपर धरतो, म्हणजे एकास एक करून १२० मिली, आणि वापरलेलं परत ठेवत नाही. मूळ द्रावण गळ्यापर्यंत भरलेल्या गडद बाटलीत काही महिने टिकतं. बाटली अर्धी झाली की हवेने लवकर बिघडतं. बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. चहासारखा रंग आला की ओतून द्या.

२१. वापरलेलं फिक्सर मोरीत ओतू का?

नाही. त्यात विरघळलेली चांदी असते आणि पाण्यातल्या जिवांना ती घातक आहे. आपलं सांडपाणी शेवटी खाडीच्या दिशेनेच जातं आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. कॅनमध्ये साठवा, त्यात लोखंडी स्टील वूलचा बोळा टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी इथे उपयोगाची नाही, ती गंजत नाही म्हणून काम करत नाही. गाळ जुन्या एक्स-रे फिल्म घेणाऱ्या भंगारवाल्याला विचारून द्या.

२२. घरात लहान मुलं आहेत. धोका किती?

मेटॉलने काहींच्या त्वचेवर कायमची ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे पहिल्या दिवसापासून. पावडर मोजताना पंखा बंद आणि तोंडावर मास्क. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही भरायचं नाही, लेबल लावलं तरीही. कुलपाचं कपाट हवंच. मुलांना शिकवायचं असेल तर फिक्सर झाल्यानंतर उजेडात निगेटिव्ह धुण्यापासून सुरुवात करा. माझी भाची सात वर्षांची असताना चिमट्याला शीट लटकवायचं काम तिचंच होतं.

२३. रंगीत शीट फिल्म?

रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेला ३८ अंश लागतात, इथे आपली हवा मदतीला येते. पण तापमानात पाव अंशाची शिस्त हवी. कृष्णधवलच्या पन्नास शीट झाल्याशिवाय हात घालू नका.

२४. आजोबांच्या स्टुडिओतल्या होल्डरमध्ये न धुतलेली जुनी शीट निघाली. धुता येईल का?

असे तीन प्रसंग माझ्याकडे आलेत. पहिली गोष्ट, उजेडात डार्कस्लाइड ओढून बघू नका. प्रत्येक घरी कुणीतरी एक तरी स्लाइड तशी ओढतोच. होल्डर तसेच काळ्या पिशवीत ठेवा. १९५० च्या आधीचा माल असेल तर फिल्म नायट्रेटची असू शकते, ती सहज पेट घेते. गॅस, देवघर, इस्त्री यांच्यापासून दूर ठेवा. उग्र आंबूस वास येत असेल किंवा हाताला चिकट लागत असेल तर पुढे जाऊ नका.

होल्डरमध्ये काचेची प्लेटही असू शकते, अंधारात बोटाने जाडी लगेच कळते. खाच नसेल तर इमल्शनची बाजू ओल्या बोटाने कोपऱ्याला स्पर्श करून ओळखा, ती किंचित चिकटते. सगळ्या एकदम धुवू नका. एकच शीट घ्या, ट्रेमध्ये, इमल्शन वर. जुन्या फिल्मवर धूसरपणा चढलेला असतो, तो दाबायला डेव्हलपरमध्ये लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घाला आणि तापमान २० ठेवा. या एका कामासाठी मी बर्फ खर्च करतो. इमल्शन ठिसूळ झालेलं असतं, म्हणून आधी तुरटीच्या पाण्यात तीन मिनिटं आणि मग साध्या पाण्याचा एक हात. पहिली शीट वाळेपर्यंत दुसरी काढू नका. तिच्यावरून पुढच्यांचा वेळ ठरतो.

तीनपैकी एका होल्डरमध्ये नऊवारीतल्या एका बाईंचं बसलेलं चित्र निघालं, चेहरा धूसर, पण खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या हातातल्या पाटल्या स्पष्ट. ज्यांनी होल्डर आणला होता त्यांनी पाटल्यांवरून पणजीला ओळखलं. त्या पाटल्या अजून त्यांच्या घरात आहेत.